पाच माणसं, दार बंद

साहेब, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले, आणि मला अजून तुमची भीती वाटते. जिवंतपणी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. फौजेत ओरडणारे साहेब मला पुष्कळ भेटले, पण त्यांची भीती बराकीच्या दारापर्यंतच टिकायची. तुमची भीती वेगळी होती. मी जे सांगेन ते तुम्ही खरं मानायचात आणि त्यावर हेलिकॉप्टर उचलायचात. एवढ्याच गोष्टीने माझी झोप उडायची.

आणि एकदा मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते कबूल करायला मला अकरा वर्षं मिळाली. त्यातली शेवटची सहा तर आपण दोघं रिटायर होऊन एकाच जिल्ह्यात होतो. तुम्ही जालन्याला मस्तगडात, मी आष्टीला, आणि मध्ये फक्त बसचा प्रवास. महिन्या-दोन महिन्यांनी मी तुमच्याकडे यायचो. तुमची कंबर कशी आहे, माझी तूर कशी आहे, एवढं बोलणं व्हायचं, वहिनींच्या हातचा चहा व्हायचा, आणि मी न सांगताच परत जायचो. आज ओट्यावर वही घेऊन बसलोय. सून विचारून गेली, "मामा, काय लिहून राह्यले?" म्हटलं, साहेबांना रिपोर्ट द्यायचा राहिलाय. ती आत गेली.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवते का? तिकडे दूर डोंगरातल्या तळावर मी नवाच आलेलो. तुम्ही हिंदीत विचारलंत, गाव कोणतं. मी म्हटलं, महाराष्ट्र, सर. "महाराष्ट्र केवढा मोठा हाये रे. गाव सांग." परतूर तालुका, आष्टी, म्हटल्यावर तुम्ही हेल्मेट काढून माझ्याकडे नीट पाहिलंत. "अन् मी मस्तगडचा. घ्या आता." त्या दिवसापासून मी शेषराव मोरेचा शेषा झालो.

पण आपली बोली तुम्ही उगाच वापरायचा नाहीत. सगळं ठीक असलं की हिंदी आणि इंग्रजी. कानातल्या हेडफोनमध्ये "शेषा" ऐकू आलं, की समजायचं, काहीतरी बिनसलंय. ज्या बोलीत आई जेवायला हाक मारायची, ती ऐकून माझे हातपाय गार पडावेत, असं तुम्ही करून ठेवलं होतं.

कामाची वाटणी ठरलेली होती. तुम्ही पुढे, शेजारी कोपायलट, आणि मी मागे, माणसांमध्ये. पंखा चालू असतानाच माणसं चढायची. मी त्यांना वाकवून आणायचो, बसवायचो, पट्टे आवळायचो, दार लावायचो आणि बोलायचो, "पाच माणसं, दार बंद, साहेब." तुम्ही म्हणायचात, "पाच." मग मशीन उचलायचात. कधी चार, कधी सात. उंची किती, ऊन किती, त्यावर ठरायचं. डोंगरावरची हवा पातळ, दुपारी आणखी पातळ, त्यामुळे एकेका माणसाचं वजन तुमच्या हाताला कळायचं.

आणि तुम्ही मागे वळून कधी पाहायचा नाहीत. सुरुवातीला मला तो ताठा वाटला. एकदा धीर करून विचारलंच. तुम्ही म्हणालात, "तोंडं बघितली की हात जड होतो, शेषा. मला आकडा दे. तोंडं तुझ्याकडं ठेव."

ठेवली, साहेब. सगळी माझ्याकडेच आहेत. सुट्टीवर निघालेला तो जवान, मांडीवर नवाकोरा प्रेशर कुकर घेऊन बसलेला आणि प्रत्येक हिसक्याला त्याची शिट्टी चाचपून बघणारा. ती दिवस भरलेली बाई, जिने माझी कॉलर अशी धरली की दोन गुंड्या तुटल्या. ते मोठे अधिकारी, सगळा वेळ डोळे मिटून पुटपुटत होते आणि उतरल्यावर सगळ्यांना सांगत सुटले की वरून देखावा फार सुंदर दिसतो. तुम्हाला हे मी नंतर सांगायचो आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचात. शवपेटी असली की मात्र हसायचा नाहीत. एकदा मी म्हटलं, "चार माणसं आणि एक पेटी." तुम्ही म्हणालात, "पाच म्हण." पेटीशेजारी त्या पोराचा भाऊ बसला होता. त्याने मला हळूच विचारलं, याला पट्टा नाही का बांधायचा? मी बांधला.

सामानाची फेरी असली की तुम्ही शीळ घालायचात. माणसांची असली की तुमच्या मानेवर घाम. बाकीच्यांना वाटायचं, उकडतंय. मला एकट्याला माहीत होतं, कारण तुम्हीच सांगितलं होतं. "पोती असली की मी पायलट. माणसं असली की नुसता भेलेला माणूस." मला ते ऐकून राग यायचा. म्हटलं, साहेब, असं बोलू नका, नवी पोरं ऐकतील. त्यावर आपलं कायमचं भांडण. तुमचं म्हणणं, भीती वाटली की बोलावी, दाबून ठेवली की ती हातात उतरते. माझं म्हणणं, भीती ही बोलायची गोष्टच नव्हे, गिळायची आणि कामाला लागायचं. हे भांडण आपण तळावर केलं, रेल्वेत केलं, तुमच्या मस्तगडच्या गच्चीवर केलं. ते मिटलं नाही. का मिटलं नाही ते आता सांगतो.

त्या दिवसाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. दरड कोसळून रस्ता गेला होता. डोंगराच्या सोंडेवर शाळेचं मैदान, तिन्ही बाजूंनी दरी, आणि तिथे अडकलेली माणसं. सकाळीच ठरलं होतं, एका फेरीत पाच, एकही जास्त नाही. सहा फेऱ्या झाल्या. सातव्या वेळी उतरलो तेव्हा खालून ढग चढायला लागले होते. आठवी फेरी होणार नाही हे आपल्या दोघांनाही कळत होतं.

मी पाच जण बसवले. मैदानावर गावातले चार-सहा तरणे पुरुष उरले होते, ते चालत निघायला तयार होते. आणि एक म्हातारी होती. माझ्या आईच्या वयाची. छातीशी दुलईत गुंडाळलेलं काहीतरी धरून, त्यावर तोंड वाकवून उभी. मला वाटलं, तान्हं आहे. नातवंड असेल, त्याचे आईबाप दरडीखाली गेले असतील, असं सगळं मीच एका क्षणात ठरवून टाकलं. तिने काही मागितलं नाही, साहेब. ती नुसती माझ्याकडे बघत होती. तुम्ही तोंडं माझ्याकडे ठेवायला दिली होती ना, त्यातलं हे एक. मी तिचा दंड धरला आणि आत ओढली. ती माझ्या पायाशी खाली बसली. मी दार लावलं.

"पाच माणसं, दार बंद, साहेब."

सवयीने बोललो असं अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. सहा म्हटलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि ते बरोबरच होतं. मग तिला उतरवायचं काम माझ्याकडे आलं असतं. मी त्याला भ्यालो. तुम्हाला बोललो असतो तर कदाचित काही सुचलं असतं, थोडं इंधन कमी केलं असतं, कुणी तरणा आपणहून उतरला असता. मी गिळलं आणि कामाला लागलो.

तुम्ही मशीन जमिनीपासून हातभर उचललंत आणि तिथेच धरलंत. नेहमीपेक्षा जास्त वेळ. कोपायलट नवा होता, त्याची नजर बाहेर पंख्याच्या टोकावर आणि झाडांवर. मग हेडफोनमध्ये तुमचा आवाज आला. "शेषा, बराबर सांग. किती हायेत?"

आपली बोली. मला तुमच्या हेल्मेटची मागची बाजू दिसत होती. तुम्ही फक्त मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं. तुम्ही वळवली नाहीत, कारण मागचं सगळं माझ्यावर सोपवलेलं होतं.

"पाच, साहेब."

"पाच," तुम्ही म्हणालात, आणि मशीन पुढे घेतलंत.

मैदानाची कड संपली आणि आपण खाली बसायला लागलो. पंख्याचा आवाज जड झाला, पुढे धोक्याचा भोंगा वाजायला लागला. माझ्या दाराच्या काचेत झाडांचे शेंडे वर येत होते. एक फांदी चाकाला घासली, तो आवाज मला अजून ऐकू येतो, चुलीत काडी मोडावी तसा, अगदी किरकोळ. मला आई आठवली नाही, देव आठवला नाही. फक्त एवढंच डोक्यात, मी सहा म्हटलं नाही, मी सहा म्हटलं नाही. मग तुम्ही मशीनचं नाक खाली घातलंत आणि आपण सरळ दरीत गेलो. मागची माणसं ओरडली. म्हातारी माझ्या पायावर आदळली आणि तिच्या हातातलं गाठोडं माझ्या नडगीवर. मी कळवळलो. दुलई सुटली. आत तान्हं नव्हतं. दगड होता. काळा, गुळगुळीत, मोठ्या कलिंगडाएवढा, वर शेंदूर. तिचा घरचा देव.

त्या भयानक क्षणी मला तिचा राग आला नाही हे मात्र खरं. आमचं घर पडलं होतं तेव्हा आईने आधी देव्हाऱ्यातले टाक बाहेर काढले होते आणि मग मला. पण आमचे टाक चांदीचे, मुठीत मावणारे. हिच्या देवाला उचलायला दोन माणसं लागली असती. डोंगरातल्या त्या बाया, पाठीवर काय काय वाहून नेतात, तिला त्याचं काही वाटलंच नसेल.

दरीत वेग आला आणि पंख्याने हवा धरली. तुम्ही नदीच्या वरून आपल्याला बाहेर काढलंत. तळाच्या मैदानावर उतरलो तर नुसती झुंबड, डॉक्टर, स्ट्रेचर, हाका. मी दार उघडलं, लोकांनी माणसं उचलून नेली, किती जण उतरले हे तिथे कुणी पाहिलं नाही. म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि आपला देव कडेवर घेऊन गर्दीत गेली. मी पुढे आलो. तुम्ही अजून सीटवरच होतात, दोन्ही हात मांडीवर उताणे. तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात.

"माझा हात चुकला, शेषा."

सांगायची वेळ हीच होती. मी हेल्मेट काखेत धरून उभा होतो. म्हटलं, "हवा खराब होती, साहेब."

तुम्ही वरही तसंच लिहून दिलंत, हात चुकला. कुणी तुम्हाला शिक्षा केली नाही, उलट सातही फेऱ्यांचं कौतुक झालं, माझीही पाठ थोपटली. ती थाप मी घेतली. त्यानंतर तुम्ही माणसांच्या फेऱ्या मागेनासे झालात. आधी नुसतं सामान, मग टेबलावरची बदली. लोक म्हणाले, वय झालं. तुम्ही मला एकट्याला खरं कारण सांगितलंत. "त्या दिवशी हात सांगून राह्यला होता, वजन जास्ती हाये. अन् माणसं तर पाचच. हातच खोटं बोलायला लागल्यावर मी उडवू कशाच्या भरवशावर?" हात खरं बोलत होता, साहेब. खोटं बोलणारा तुमच्या समोर उभा होता.

जालन्याला आल्यावर तुमचे ते कागद सुरू झाले. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर पेन्सिलीने उंची, ऊन, इंधन, पाच माणसं. मी आलो की तुम्ही पान माझ्यापुढे सरकवायचात. "बघ. कितीदा मांडलं. पाचात मशीन असं बसत न्हाई. कुठंतरी ऐंशी किलो जास्ती हाये." ऐंशी! एक सुकलेली म्हातारी आणि तिचा देव. तुम्ही घरात बसून, इतक्या वर्षांपूर्वीची ती दोघं किलोपर्यंत शोधून काढली होती. इंधनाच्या काट्यावर तुम्ही शंका घेतलीत, वाऱ्यावर घेतलीत, स्वतःच्या हातावर तर रोजच. माझ्या आकड्यावर एकदाही नाही. मी चहाच्या कपात बघून म्हणायचो, "हवा, साहेब." तुम्ही पान घडी करून ठेवायचात.

मग तुम्ही मोटारही सोडलीत. वहिनी म्हणायच्या, यांना शेजारी मी बसले तरी घाम येतो. म्हणून त्या चतुर्थीला आपण राजूरच्या गणपतीला बसने गेलो. परतताना बसला वेळ होता, समोर काळी-पिवळी जीप भरत होती. मीच म्हटलं, हिच्यात जाऊ. तो ड्रायव्हर माणसं कोंबत होता. "सरका वाईच, अजून दोन बसतेत." तुम्ही आत बसला होतात आणि तुमचे ओठ हलत होते. अकरा, बारा, तेरा. मग तुम्ही लोकांच्या गुडघ्यांवरून उतरलात आणि जीपच्या पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिलात.

"किती हायेत? आकडा सांग मला."

ड्रायव्हर आधी हसला. "काका, रोजचंच हाये हे. मोजतंय कोन? देवाच्या दारातून निघालो, काय होत न्हाई."

"आकडा सांग!" तुम्ही ओरडलात. मी तुम्हाला ओरडताना पहिल्यांदा पाहिलं. लोक आतून म्हणायला लागले, म्हाताऱ्याला बाजूला घ्या हो, जल्दी करा. मी तुम्हाला दंडाला धरून रसवंतीत आणलं. तुमच्या हातातला ग्लास टेबलावर टकटक वाजत होता. तुमच्यासारखा माणूस, दरीत नाक खाली घालणारा, उसाच्या रसाचा ग्लास धरू शकत नव्हता, आणि हे कुणी केलं होतं ते मला माहीत होतं. तुम्ही जरा शांत झालात. मग म्हणालात, "तू मागं होता म्हणून मी इतकी वर्षं माणसं नेली, शेषा. तुझा आकडा कधी चुकला न्हाई."

मी तोंड उघडलं, साहेब. देवाशप्पथ उघडलं. बाहेर बस वळताना दिसली.

"बस आली, साहेब," मी म्हटलं.

ती आपली शेवटची धड भेट. नंतर फोन झाले, कंबर आणि तूर. आणि मग एका सकाळी वहिनींचा फोन आला.

तेराव्याचं जेवण झालं, मंडळी पांगली, तेव्हा मी वहिनींना सगळं सांगितलं. म्हातारी, दगड, पाच. तुम्ही पुन्हा विचारलंत तेही. वाटलं, रडतील, नाहीतर हाकलून देतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेषराव, सहा वर्षं आमच्या घरी चहा पिऊन राह्यले तुम्ही."

एवढंच. फौजेत मी गोळीबार ऐकलाय, पण असा मार मला कधी बसला नव्हता. त्या आत गेल्या आणि कॅलेंडरचं एक पान घेऊन आल्या, तुम्ही शेवटचं मांडलेलं. खाली रेघ, रेघेखाली ऐंशी, पुढे प्रश्नचिन्ह, आणि बाजूला तुमच्या अक्षरात एकच शब्द, "हात?" पान माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "साडेपाचची गाडी हाये तुम्हाला."

तर आपलं भांडण तुम्ही जिंकलात. गिळलेली भीती हातात उतरते, फक्त माझी तुमच्या हातात उतरली. मला क्षमा मागायचीही भीती वाटते, कारण तुम्ही ती लगेच दिली असती, हे मला पक्कं माहीत आहे. एक गोष्ट मात्र न घाबरता सांगतो. ऐंशी किलो जास्तीचं वजन, पातळ हवा आणि पाठीमागे खोटं बोलणारा माणूस, एवढं सगळं घेऊन तुम्ही नऊ जणांना त्या दरीतून वर आणलंत. माझ्या दोन्ही पोरांची लग्नं त्यानंतरची. माझी नात त्यानंतरची, आत्ता इथे ओट्यावर माझी पेन्सिल मागतेय.

ते पान माझ्या वहीवर आहे. मी पाच खोडून सहा केलंय. त्याखाली देवाचं वजन लिहिलंय, अंदाजे तीस. बेरीज लागली, साहेब. एका किलोचाही फरक नाही. "हात?" वर मी रेघ मारलीय, जाड, दोनदा. उद्या पहिल्या गाडीने येऊन पान वहिनींना परत देणार आहे. त्यांनी दार उघडलं तर.

पेन्सिल आता नातीला देतो, कारण उरलं ते मला मोठ्याने म्हणायचंय. पूर्वीसारखेच बसा. मागे वळू नका.

सहा माणसं, दार बंद, साहेब.